पाटीची मागची बाजू

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सीनूचा फोन आला तेव्हा मी सिरुसेरीला ऑफिसात बसून दर शुक्रवारची साफसफाई करत होते. झाडूची नव्हे, सर्व्हरची. जे कुणी वापरत नाही ते निवडायचं, एक बटण दाबायचं, जागा मोकळी करायची. बोट त्या बटणावर असतानाच सीनू म्हणाला, "अण्णा पडला... मांबलम स्टेशनच्या जिन्यावर. संपलं." सीनू माझा नवरा, अण्णा त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझे दीर. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? "मग आता आईंचा आवाज कोण शोधून देणार?" माणूस गेला हे नंतर आलं. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आदल्या दिवशीचं भांडण अजून डोक्यात तसंच होतं.

माझं आणि अण्णांचं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन महिने झाले, लोक अजून भेटायला येतात आणि "किती शांत माणूस हो" म्हणतात. शांत! ह्यांना त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढायला लावायला हवी होती. मी साताऱ्याची, आणि पडले तंजावरकडच्या मराठी घरात, वेस्ट मांबलमच्या तिसऱ्या मजल्यावर. ह्या घरात मराठी बोलतात, पण तीनशे वर्षांपूर्वी डब्यात घालून ठेवलेली, वर तमिळचा तडका दिलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझं बोलणं ऐकून अण्णा सीनूला म्हणाले, "ही बातम्या वाचल्यासारखी का बोलते?" सगळे हसले. मीही हसले, आणि ते आजतागायत विसरले नाही. माझी बहीण साताऱ्याहून महिन्याकाठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांचा गठ्ठा पाठवते. तो माझ्या आधी अण्णा उघडणार, लाल पेनानं शब्दांखाली रेघा ओढणार, समासात "हें काय मराठी?" असं लिहून गठ्ठा पुन्हा नीट बांधून ठेवणार. सीनू बोलतो मराठी, पण वाचतो फक्त तमिळ आणि इंग्रजी. त्यामुळे घरात मराठी वाचणारे आम्ही दोघंच, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. झकास!

अण्णांनी लग्न केलं नाही. अंबत्तूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, तिथंच सगळी नोकरी झाली. तिथली एक सवय त्यांनी घरी आणली आणि आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. यंत्राचं काम चालू असलं की त्याच्या बटणाला सुतळीनं पुठ्ठ्याची पाटी अडकवायची : काम चालू आहे, हात लावू नये, खाली नाव. मागच्या बाजूला काय काम राहिलंय ते, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला कळावं. आणि ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. मालक आला तरी त्यानं हात लावायचा नाही. कारखान्यात ठीक आहे हो, तिथं माणसाचा हात जातो. पण आमच्या मिक्सरला पाटी. गीझरला पाटी, तीही पाच आठवडे, आणि आम्ही सगळे बादलीत पाणी तापवतोय. एकदा फ्रिजला पाटी लावून हे कुंभकोणमला लग्नाला गेले. मी पाटी काढून फ्रिज चालू केला, तर आल्यावर चार दिवस माझ्या हातची कॉफी प्यायले नाहीत. "पाटीची मागची बाजू वाचलीस?" एवढंच विचारलं. नव्हती वाचली. फ्रिज उत्तम चालत होता, हेही सांगून ठेवते.

निवृत्तीनंतर त्यांना नवीन यंत्र सापडलं. बुटांच्या खोक्याएवढा एक स्टोरेज सर्व्हर त्यांनी स्वतःच्या खोलीत, आईंच्या जुन्या शिलाई मशीनवर आणून ठेवला. घरातले सगळ्यांचे फोटो, कागदपत्रं, गाणी त्याच्यात. आणि मुख्य म्हणजे आईंचा आवाज. सासूबाईंची शेवटची दोन वर्षं अण्णा रोज त्यांच्यासमोर फोन ठेवून त्यांना बोलतं करत. डांगर पच्चडी कशी करायची हे सांगता सांगता त्या मधेच दूधवाल्याला शिव्या घालत, कुणाच्या तरी लग्नातलं भांडण पुन्हा भांडत, "सीनू जेवला का" म्हणून विचारत. सीनू शेजारीच बसलेला असायचा, तरी विचारत. सगळं धरून शंभरावर रेकॉर्डिंगं असतील. त्या गेल्यानंतर सीनू सकाळच्या कॉफीबरोबर रोज एक ऐकायचा. देवपूजा चुकली तरी चालेल, हे चुकायचं नाही. माझी भांडीसुद्धा तेवढा वेळ वाजायची नाहीत.

आता त्या सर्व्हरचं थोडं सांगते, कंटाळू नका. त्यात एकेक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात चालतो. आमच्या धंद्यात त्याला कंटेनर म्हणतात. फोटोंचा एक डबा, आईंच्या आवाजाचा एक डबा, असे दहा-बारा. आणि ते सगळे चालू-बंद करणारा, कुणाचं सामान कुठं ठेवलंय ते बघणारा आणखी एक प्रोग्राम असतो. अण्णा त्याला कारभारी म्हणत, आणि शब्द चांगला होता, हे मला कबूल करावं लागतं. माझी नोकरी ह्याच कामाची आहे. अण्णांनी मला कधी, एकदाही, काहीही विचारलं नाही. यूट्यूबवरच्या पोरांना विचारलं, कॉमेंटी लिहून लिहून विचारलं, पण स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला नाही. मी आपण होऊन सांगायला गेले तर, "तुमच्या हपिसांत मोडलं तर दुसरं आणतात. हें घर आहे."

आणि ह्या वर्षी त्यांच्या डोक्यानं घेतलं की कारभारी बदलायचा. जुना नीट चालला होता. पण म्हणे तो सगळं स्वतःच्या पोटात ठेवतो, कुणाला दाखवत नाही; नवा प्रत्येक डब्याची माहिती साध्या फाइलीत लिहून ठेवतो, कुणीही उघडून वाचावी. मी म्हटलं, "चाललेलं का मोडताय?" दुसऱ्या दिवशी सर्व्हरला पाटी लटकली. एकेक डबा नव्या कारभाऱ्याकडे जायला लागला, आणि बुधवारी आईंच्या आवाजाचं पान उघडलं ते कोरं. एकही रेकॉर्डिंग नाही. सीनू कॉफी हातात घेऊन तसाच बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याचं ते तोंड बघून माझा तिळपापड झाला. कंपनीची बस चुकली तर चुकली म्हणून मी अण्णांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आईंना दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही." त्यांनी चष्मा काढला... पुसला... पुन्हा लावला. म्हणाले, "तें रिकामं न्हवे. आहे तिकडे. आयतवारी हलवतों. तंवर हात लावूं नक्को." मी म्हटलं, "आता उरलंय काय हात लावायला?" आणि गेले. आमचं शेवटचं बोलणं हेच. आयतवार म्हणजे रविवार. ते शुक्रवारी गेले. डॉक्टरांकडची फाइल गादीखाली सापडली, दीड वर्षं जुनी. डब्यांच्या फाइली जगाला वाचता याव्यात म्हणून हा माणूस राब राब राबला, आणि स्वतःच्या हृदयाची फाइल सख्ख्या भावाला दाखवली नाही. ह्याचा राग मला अजून येतो, आणि तो येणारच.

पाचव्या दिवशी सीनू म्हणाला, "एकदा बघ ना... असली तर." मी अण्णांच्या खोलीत गेले. शिलाई मशीनवर ते खोकं घुरघुरत होतं आणि त्याला पाटी लटकत होती, त्यांच्या ठळक तमिळ अक्षरात : काम चालू आहे, हात लावू नये, गोपाळराव. मेल्यावरसुद्धा मला दटावतायत! मी सुतळी हिसडून तोडली. आत बघितलं तर जागा संपत आलेली, लाल पट्टी, पान धड उघडेना. आईंच्या आवाजाचा डबा कोराच. आणि खाली एक यादी : "वापरात नाही". मला वाटलं, ह्यांच्या खटपटीचा कचरा. एकेक उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. ऑफिसात माझ्या हाताखालच्या कुणी न बघता बटण दाबलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं. पण ही ऑफिसातली वस्तू नव्हती, ही अण्णांची होती, आणि मला काहीतरी जोरात दाबायचंच होतं. मी दाबलं. लाल पट्टी हिरवी झाली. बरं वाटलं.

मग ती पाटी कचऱ्यात टाकायला उचलली आणि उलटली.

मागे लिहिलं होतं : "आईचे आवाज जुन्याच जागीं आहेत. नवा कारभारी ती जागा वापरांत नाहीं म्हणून दाखवील. साफ करूं नये. रोजच्या राखीव कॉपींत ती जागा कधींच येत नव्हती, म्हणून हा खटाटोप. आयतवारी हलवणें. मी नसल्यास तूं."

पुढची बाजू तमिळमध्ये होती, सगळ्या घरासाठी. मागची मराठीत. आमच्या घरात मराठी वाचणारी माणसं दोनच, आणि त्यातलं एक लिहिणारं. मी खाली फरशीवर बसले. पुढचे दोन शनिवार-रविवार मी जे जे माहीत आहे ते सगळं करून पाहिलं. नाही निघालं काही. ज्या फोनवर बोलणं धरलं होतं तो केव्हाच एक्सचेंजमध्ये गेला होता. पुसलं ते पुसलं.

आणि मी गप्प बसले. तेराव्याला पंगत बसली होती; श्रीरंगमच्या आत्या मोठ्यानं म्हणाल्या, "गोपूनं आईचा आवाज घालवला की हो." सीनूनं मान हलवली. मी पायसम वाढत होते. आत्यांना आणखी एक डाव वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले. काय बोलणार होते? भावजय म्हणून, इंजिनिअर म्हणून, सून म्हणून, कुठल्या तोंडानं? एक शब्द पुरला असता आणि तो मी गिळला. जिवंतपणी त्यांच्याशी समोरासमोर भांडले, त्याचं मला काही नाही. मेलेल्या माणसाच्या अंगावर स्वतःचं ढकलून मोकळी झाले, हे मात्र अण्णांनी माझ्या बाबतीत कधी केलं नसतं. खवचट होते, हेकट होते, पण स्वतःच्या चुकीवर ते स्वतःच्या नावाची पाटी लावत.

हॉलमध्ये आईंच्या फोटोशेजारी अण्णांच्या फोटोसाठी खिळा ठोकलेला आहे. फोटो फ्रेम होऊन आला तो सीनूनं माळ्यावर ठेवला, भिंतीकडे तोंड करून. "तिच्याशेजारी नको तो," म्हणाला. लहानपणी ज्या भावाचा हात धरून हा शाळेत गेला, ज्याच्या पगारावर शिकला, त्याचा फोटो. तरी मी गप्पच. सकाळी तो कॉफी घेतो, उजव्या हातानं मांडीवर ताल धरल्यासारखं काहीतरी करतो, आणि उठतो. सर्व्हर विकून टाक म्हणतो. मी विकला नाही. खोलीत तो घुरघुरतोच आहे, अण्णांनी मांडलेल्या नव्या कारभाऱ्याखाली, आणि खरं सांगायचं तर इतकं नेटकं काम मी आमच्या ऑफिसातही बघितलेलं नाही. प्रत्येक फाइल कुणालाही कळेल अशी. मला हे त्यांना सांगावं लागलं नाही, तेवढंच बरं. फार चढले असते.

ह्या महिन्याचा गठ्ठा आला तेव्हा मी तो उघडला आणि कोऱ्या समासांकडे बघून मला संताप आला. "हें काय मराठी?" म्हणायला कुणी नाही. हा लेख छापून येईल तेव्हा तोही त्याच गठ्ठ्यातून येईल, आणि आमच्या घरात त्याखाली रेघा ओढणारा माणूस नसेल. मला वाटलं, बरंच आहे. मराठीत लिहून टाकावं, सीनूला वाचता येत नाही, मन मोकळं होईल आणि घरात कुणाला कळणारही नाही. बघा किती हुशार! हा विचार मनात आला तेव्हा मी उठले आणि अण्णांच्या कपाटातून एक कोरा पुठ्ठा काढला. सुतळी काढली. पुढच्या बाजूला लिहिलं : काम चालू आहे, हात लावू नये, स्मिता. मागच्या बाजूला राहिलेलं काम लिहिलं. आणि हॉलमधल्या त्या रिकाम्या खिळ्याला अडकवली.

सीनू कॉफी घेऊन आला, बघत राहिला. पाटी उलटली, मागची अक्षरं बघितली, मग माझ्याकडे वळला.

"हें काय लिवलंस? मला कुठं वाचायला येतं..."

मी म्हटलं, "बस खाली. वाचून दाखवते."