घरचं ताजं रक्त

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मनुबाईच्या पाटीत शिळा मासा दाखवा आणि पाटी फुकट न्या, असं ती स्वतःच बाजारात ओरडून सांगायची. कोपरीच्या बायका नाक मुरडत कल्ला उघडून बघायच्या. तो लालबुंद निघाला की मनुबाई अशा तोऱ्यात बघायची, जणू मासा तिनंच जन्माला घातलाय! उरलेला माल शेजारी वाटून टाकायची, पण दुसऱ्या दिवशी पाटीत ठेवायची नाही. तोंडाची फटकळ, मालाला चोख.

१९८९ साली तिच्या नवऱ्याच्या, दामाजीच्या, हृदयाची झडप बदलायचं ठरलं. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात रक्तपेढीवाल्यानं पिशव्या दाखवल्या. त्यांवर सतरा दिवसांपूर्वीची तारीख होती. मनुबाईचं टाळकंच सरकलं.

"सतरा दिसांचा शिला रगत? आनि कोनाचा ते पन म्हाईत नाय! मना नको. माजा पोरगा हाय ना हितं."

पोरगा म्हणजे रघु. बावीस वर्षांचा, खाडीत होडी वल्हवून दंड पीळदार झालेले. त्याचा गट जुळला. सर्जननंही मान डोलावली, "घरचं, आणि तेही ताजं. उत्तमच!" सकाळी काढलेलं रक्त दुपारी दामाजीला चढलं. रघु भेटेल त्याला छाती फुगवून सांगत सुटला, "बाबाच्या अंगान आता माजा रगत हाय."

ऑपरेशन झकास झालं. दामाजी वॉर्डात फेऱ्या मारू लागला. दहाव्या दिवशी ताप आला, तळहात लाल झाले, मग अंगभर पुरळ उठलं. जुलाब थांबेनात, डोळे पिवळे पडले. तिसऱ्या आठवड्यात तो गेला. नवी झडप शेवटपर्यंत नीट चालत होती.

कारण कळलं महिन्याभरानं, मनुबाई एकटीच इस्पितळातून दामाजीचे कागद आणायला गेली तेव्हा. प्रयोगशाळेतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बसवून पाणी दिलं.

"तुमचं लग्न नात्यातलं का, मावशी?"

"मी त्यांच्या मामाची लेक."

बाईंनी निःश्वास टाकला आणि सावकाश समजावलं. रक्तात पहारेकरी पेशी असतात. परक्याच्या रक्तातले पहारेकरी आले, की आपलं शरीर त्यांना ओळखून मारून टाकतं. आईबाप नात्यातले, म्हणून रघुला दोघांकडून एकच खूण मिळालेली; त्याचं रक्त इतकं जवळचं होतं, की दामाजीच्या शरीरानं त्याला परकं मानलंच नाही. पण दामाजीकडे आणखी एक वेगळी खूण होती, म्हणून रघुच्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटलं. आधी कातडी, मग आतडी, मग यकृत, शेवटी हाडांतला रक्ताचा कारखाना, सगळ्यांवर त्या तुटून पडल्या.

"त्या शिल्या पिशवीन पन असतात का त्या?" मनुबाईनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "पिशवीत दिवस गेले की त्या मरत जातात. ताज्या रक्तात जिवंत असतात."

जन्मभर ज्याची शपथ खाल्ली त्या ताज्यानंच दगा दिला! घरच्यानं दिला. मान डोलावणाऱ्या त्या सर्जननंही दिला. रघुला हे कळता कामा नये, एवढंच तिनं ठरवलं. आपल्या रक्तानं बाप मेला हे उराशी घेऊन पोर जगणार कसा?

तीन वर्षं तिनं ते पोटात ठेवलं. मग कल्याणला दिलेली तिची लेक सरस्वती बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. मनुबाई पोचली तोवर रघु बाही वर करून नर्ससमोर बसलाही होता.

"याचा घेऊ नको!" मनुबाई ओरडली.

"कशाला गो, आये? बाबाला चालला ना माजा?"

मनुबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती नर्सकडे वळली. "पेढीतला दे, बाय. परक्याचा दे. सगल्यांत जुनी पिशवी असंल ती दे."

आपल्या आईनं कुठल्याही दुकानात शिळं मागितलेलं रघुनं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं बाही हळूहळू खाली ओढली.

"कवापासना म्हाईत हाय तुला?"

"तीन वरसां."

सरस्वती वाचली. बारशाला रघु आला, भाचीला मांडीवर घेऊन बसला. आईनं पुढे केलेलं ताट मात्र त्यानं बाजूला सारलं आणि न जेवता निघून गेला.