जगाचा बाजार आणि साहेबांची फुल्ल टाकी

मंडळी, आज सकाळपासून डोकं तापलेलं आहे.

मी नवापूरला रिक्षा चालवतो. आपल्याकडे पेट्रोल महाग, म्हणून सीमेपलीकडे गुजरातच्या पंपावर भरतो. तिथे राज्याचा कर कमी आहे. भाडं वाढवलं तर मजुरीला जाणाऱ्या बाया पायीच निघतात.

आज रांगेत माझ्या पुढेच आपल्या भागातल्या एका पुढाऱ्याची मोठी गाडी. परवाच्या सभेत हेच गृहस्थ छाती ठोकून सांगत होते, "पेट्रोलचे भाव जगाचा बाजार ठरवतो, सरकारच्या हातात काही नाही!"

मी उतरून आमच्या अहिराणीत विचारलं, "भाऊ, तुम्ही बी आठेच, गुजरातना पंपवर?"

"सुरतले जाई ऱ्हायनू, म्हणून थांबनू," ते हसले.

"मंग जगना बाजार आठे स्वस्त कसा शे?"

हसू गेलं, काच वर गेली. टाकी फुल्ल झाली आणि सुरतेला निघालेली गाडी नवापूरकडे वळली.

कर कुणाच्या हातात असतो, हे या माणसाला पक्कं ठाऊक आहे. आपल्याला मूर्ख समजतो, एवढंच. पुढच्या सभेत मी हाच प्रश्न सगळ्यांसमोर उभं राहून विचारणार आहे. माझ्यासोबत कोण उभं राहील?