हाळी पेलणारं यंत्र

उजवा तळवा कानामागं, डावा हात कमरेवर, आणि आधी आजूबाजूच्यांना इशारा: "सरका, कान जातील." एवढं झालं की समजायचं, काकू आता हाळी देणार.

तुमच्यातले जे गावाकडचे आहेत त्यांना हाळी म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांना सांगतो. रानात लांब असलेल्या माणसाला घरच्या अंगणातून मारलेली लांबलचक हाक. मोबाइल आल्यापासून कोण देतंय हाळी? पण आमची वस्ती शिरूर कासारच्या अलीकडं, मागं डोंगर, डोंगरात रेंज नाही. आणि काकूचा नवरा, म्हणजे आमचे तात्या, शेळ्या घेऊन रोज त्याच डोंगरात. दिवस कलला की काकू अंगणात उभी राहायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून नुसतं, "अवोऽऽऽ! चलाऽऽऽ!" झाडावरचे व्हले उडून जायचे. थोड्या वेळानं शेळ्या उतरताना दिसायच्या, त्यांच्या मागं तात्या.

ऊसतोडीला जायची तेव्हा त्यांच्या टोळीचा मुकादम पहाटे शिट्टी वाजवायचा नाही म्हणे. "वैनी, एक हाळी द्या," म्हणायचा, की सगळी पालं जागी. हे काकू स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "कारखान्याचा भोंगा लाजायचा माज्याम्होरं." खोटं कशाला बोलू, आम्हाला ते खरंच वाटायचं.

एकच तक्रार होती तिची. "आमी बोंबलून मरावं आन् ह्या मानसानं कदी ओ देऊ नये. जल्मात एक डाव ओ दिली न्हाई. शेळ्या उतरत्यात तसा उतरतो, मुक्यानं." तात्या पुढ्यात बसलेले असले तरी ती हेच म्हणायची आणि तात्या तंबाखू मळत राहायचे.

मग काकूच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरपेटी काढावी लागेल, जीव वाचेल, आवाज नाही. बोलणं घोगरं झालंच होतं. हाळी मात्र अजून तशीच खणखणीत, पण दिली की दिवसभर घसा दुखायचा.

दवाखान्यातून ती थेट माझ्या दुकानात आली. माझा साउंडचा धंदा आहे. लग्न, जयंत्या, सप्ताह, काय म्हणाल ते. "आवाज धरून ठिवायचं काय हाय का रं तुज्याकडं?" तिनं विचारलं.

"काकू, आवाजाचं म्हटलं की आपल्याकडं सगळं हाय," मी छाती काढून बोललो. होतंही सगळं, पण ते आवाज वाढवायचं. आवाज धरायचं दुकानात काहीच नव्हतं.

"मी गप झाले की ह्यांला कोन बलावनार? डोंगरात बसून ऱ्हातील, उपाशी. तू माजी हाळी धर आन् रोज भोंग्यावर लावत जा. ऑपरेशनच्या आदी झालं पायजे." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच आलं, आणि ते लपवायला मी उगीच वायरी गुंडाळत बसलो.

पहिल्यांदा मोबाइलवर धरली. ऐकवली तर काकूनं तोंड वाकडं केलं. मोबाइलला वाटतं, एवढा मोठा आवाज म्हणजे गोंगाटच, तो दाबून टाकतो. "ही काय हाळी हाय? डब्यात तोंड घालून वरडल्यासारकं लागतंय. रानात गेल्यासारकं लागाया पायजे."

बीडच्या एका पत्रकार मित्राकडून त्याचा मुलाखतीचा छोटा रेकॉर्डर आणला. त्यात "अवो"च्या पार चिंध्या झाल्या, नुसता करकर आवाज. आवाजाची पातळी उतरवून पुन्हा घेतली. आता हाळी साफ आली, पण बाकी रान गायब. वारं नाही, शेळ्यांच्या गळ्यातली घंटी नाही, काही नाही. त्या तिसऱ्या हाळीनंतर काकू गळा धरून ओट्यावर बसली, आणि मी ठरवलं की आता तिला एकदाच ओरडायला लावायचं. तोवर ओरडायचं ते मी.

पुढचे दिवस विचारू नका. शूटिंगवाल्या दोस्ताकडून मोठं यंत्र आणलं. त्याला माइक वेगळे, स्टँड वेगळं, बॅटऱ्या तर चण्याफुटाण्यासारख्या खाणारं. मी माळावर जाऊन "अवोऽऽऽ" करायचो आणि पळत येऊन ऐकायचो, तर माइकात नुसतं वारंच घोंघावायचं. वस्तीवरचे लोक बांधावर येऊन बघायचे. माझ्या हाळीला एक शेळीसुद्धा वळली नाही, उलट कुत्री मागं लागली. "याचा डीजे डोक्यात गेलाय," असं शेजारचे म्हणाले. म्हणू द्या म्हटलं.

शेवटी पुण्याहून एक मागवलं. हातात मावेल एवढं, डोक्यावर दोन माइक. त्याची गंमत अशी की आवाजाची पातळी आधी लावायचीच नाही. कानाजवळ फटाका फुटला तरी फाटत नाही आणि लांबची कुजबुजही त्यातच राहते. नंतर पाहिजे तेवढी वाढवा, नाहीतर हेडफोन लावून तिथल्या तिथं मोठी करून ऐका. माळावर वारं माइकात घुसतं म्हणून त्याला केसाळ टोपी घातलेली. काकूनं ती कुरवाळली. "ह्या मांजराला दूध पाजावं लागतं का रं?"

मी आधी स्वतः ओरडून पाहिलं. हाळी आली, वारं आलं, मागं लागलेली कुत्रीसुद्धा लांबून जवळ येताना ऐकू आली. हेच यंत्र, म्हटलं. आता मागं बघायचं नाही.

"डॉक्टरनं जोर करू नका म्हटलंय ना?" मी शेवटचं विचारून घेतलं.

"कापायचीच हाय, तर जपू कशाला? सरक, कान जातील."

तशी हाळी मी पुन्हा ऐकली नाही. डोंगराला लागून परत आली. काकू घाम पुसत खाली बसली, आणि मी यंत्र लगेच बंद केलं नाही, चालू ठेवलं, शेळ्या उतरेपर्यंत.

घरात बसून हेडफोन लावला. हाळी चोख होती. पुढची शांतता वाढवून ऐकत होतो, घंट्या कशा आल्या ते बघायला. आणि घंट्यांच्या आधी, अगदी बारीक, लांबून: "ओऽऽऽ."

मी मागं घेऊन पुन्हा ऐकलं. माझे कान डीजेनं कामातून गेलेले, त्यामुळं स्वतःवर विश्वास बसेना. बायकोला लावून दिला. ती म्हणाली, "तात्याच की."

काकूच्या डोक्यावर हेडफोन चढवला तेव्हा ती आधी हसत होती. मग हसू थांबलं. "परत लाव," म्हणाली. परत लावलं. मग ती उठली, तशीच तरातरा गोठ्याकडं गेली. "अवो, तुमी ओ देता?"

तात्या शेळीचं दूध काढत होते. "रोज देतो की."

"मग सांगायचं न्हाई कावून?"

"ओ दिल्याचं काय सांगायचं? हाळी मारल्यावर तुजं तुलाच ऐकू येत नसंल."

त्या दिवशी पहिल्यांदा मी काकूला रडताना पाहिलं. रडत रडत ती तात्यांना शिव्या देत होती, आणि तात्या मान खाली घालून हसत होते.

ऑपरेशन झालं. काकू वाचली. बरी होऊन आली ती गळ्याला पांढरा रुमाल बांधून. ठरल्याप्रमाणं मी पत्र्यावर भोंगा चढवला. हाळी मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्याला मी भोंग्याची वायर जोडत होतो, तेवढ्यात काकूनं ते केसाळ यंत्र स्वतः उचललं, डोंगराकडं तोंड करून खाटेवर ठेवलं आणि पदरावरून हेडफोन घातला. मला हातानं खूण केली: लाव.

"अवोऽऽऽ! चलाऽऽऽ!"

डोंगरात शेळ्यांनी माना वर केल्या. मला नेहमीप्रमाणं काही ऐकू आलं नाही. मी काकूकडं पाहिलं. तिनं एक बोट वर केलं आणि डोळे मिटले.

मी बंद करायला गेलो तर माझं मनगट धरलं. परत. मग परत. शेळ्या गोंधळून वर-खाली करायला लागल्या.

शेवटी तात्या धापा टाकत अंगणात आले आणि माझ्यावरच उखडले. "आरं, सारकं सारकं काय लावतो बे? ओ देऊन देऊन घसा बसला माजा!"

काकूचे खांदे हलत होते. हसण्याला आवाज नव्हता. तिनं तात्यांना जवळ ओढून समोर उभं केलं आणि मला पुन्हा खूण केली. मी लावलं. पत्र्यावरनं हाळी गेली, डोंगराला लागून परत आली.

तात्या तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तरी त्यांनी ओ दिली. हळू, जवळच्या माणसाला देतात तशी.

काकूनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि भाकरी वाढायला आत गेली.