कोरड्या तळ्यावरची विमानं

आमच्या ग्रुपचं एकही विमान आज धड राहिलेलं नाही. किस्से मात्र सगळे शाबूत, आणि चहाला बसलं की त्यात एखादा वाढतोच. लोक हसतात, मीही हसवतो. पण खरं सांगू का, यातल्या निम्म्या किश्शांनी माझा अजून जीव जळतो.

ग्रुप म्हणजे आम्ही तिघंच. उदगीरला माझं टीव्ही-मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. बालाजी जवळच्याच गावचा, घरची मोप जमीन. आणि गौतम, आयटीआयमध्ये अकरा वर्षं कंत्राटी इन्स्ट्रक्टर. रिमोटची विमानं उडवायची, हवेत कोलांट्या मारायच्या, उलटी पळवायची, हा आमचा नाद. खर्च बालाजीचा, सोल्डरिंग माझं, हात गौतमचा. गौतमला जन्मात एकच गोष्ट पाहिजे होती, ती म्हणजे ग्राउंड. म्हणायचा, "चारशे फूट सपाट जागा. जिथून कुणी ऊठ म्हणणार न्हाई."

* * *

पहिलं विमान बालाजीनं बाहेरून मागवलं आणि कॉलेजच्या ग्राउंडवर उडवलं. विमान आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. ते हातात बसायला महिने जातात. बालाजीला वीस सेकंद मिळाले. डावीकडं न्यायला गेला आणि विमान थेट प्राचार्यांच्या गाडीच्या काचेवर!

प्राचार्य आले. कुणी उडवलं विचारलं. बालाजीनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. प्राचार्य हसले, पाटलांच्या घरचे का, होतं असं, म्हणाले. मग त्यांनी, रिमोटला हातसुद्धा न लावलेल्या गौतमचं नाव विचारलं.

"तुम्ही उद्यापासून इथं दिसायचं नाही," त्याला म्हणाले.

* * *

मग आम्ही बालाजीच्या पडीक रानात गेलो. गौतमनं थर्माकोल कापून, बांबूच्या कामट्या घालून लाल पंखांचं विमान घरीच तयार केलं. तीन महिने झकास गेले. एक दिवस हवेतच बॅटरी बसली, तर पठ्ठ्यानं ते विमान तरंगत तरंगत नेऊन बालाजीच्या घरामागच्या अंगणात अलगद उतरवलं.

आणायला गेलो. दारात बालाजीचे वडील. गौतमला म्हणाले, तू थांब तिथंच, गड्याच्या हातानं पाठवतो. विमान आलं, मागोमाग चहा आला. बालाजीला आणि मला कपात. गौतमला प्लास्टिकच्या ग्लासात.

गौतमनं ग्लासाला हात लावला नाही. विमान उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्याला तर कुठंच खरचटलं न्हाई." त्या रानात तो परत कधी आला नाही.

मी चहा पिलो होतो. हे मी सहसा सांगत नाही.

* * *

मग दुष्काळ पडला. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, आणि इकडं गावाबाहेरचं तळं आटून आम्हाला ग्राउंड मिळालं. भेगा मातीनं बुजवल्या, वरून लोखंडी पाइप लोटत फिरवला, की धावपट्टी तयार. ऊठ म्हणायला कुणी नाही. गौतम म्हणाला, असली पट्टी पुण्यात बी नसंल.

त्याच्या गल्लीत आठ दिवसाला टँकर यायचा. त्याची बायको दोन घागरींसाठी भांडून यायची. आणि हा गडी आभाळात ढग दिसला की धास्तावायचा, पाऊस आला की पट्टी गेली म्हणून. लई लाज वाटते म्हणायचा.

त्याच साली सरकार विमानातून ढगांवर औषध मारून पाऊस पाडणार, अशी बातमी होती. शेळ्या वळणारी एक म्हातारी आली आणि त्या तिकडच्या ढगावर मार म्हणाली. गौतमनं तिला समजावलं, हे थर्माकोलचं हाय, ह्यात औषध न्हाई. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं, मंग थोडंच मार," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात चारजण काठ्या घेऊन आले. आमच्या विमानानं ढग पळून राहिले म्हणे!

* * *

स्टंट करताना प्रोपेलर थांबेपर्यंत विमानावरची नजर हलवायची नाही, हा नियम. म्हणून उडवणाऱ्याच्या पाठीमागं एकजण उभा राहून सांगत असतो, पुढचा स्टंट कोणता, मागं काय चाललंय, कुणी मधे येतंय का. ते काम माझं.

एकदा मी मोबाईलमध्ये बघत "मोकळं हाय" म्हणालो आणि मागून शेळ्या पट्टीवर शिरल्या. शेळ्या वाचवायला गौतमनं विमान बांधावर घातलं. पंख मोडला. तो ओरडला नाही.

"माझ्या मागं काय हाय ते मला तुझ्या तोंडूनच कळतं," म्हणाला. "खोटं सांगत जाऊ नको."

* * *

उदगीर जिल्हा होणार अशी हवा त्या उन्हाळ्यात जोरात होती. त्याची सभा तळ्यातच भरली, तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हतीच. सरकारातले मोठे साहेब येणार होते. त्यांनी आमचा व्हिडिओ बघितला होता. गौतमला बोलावून म्हणाले, दहा मिनिटं दाखवा, आवडलं तर नव्या जिल्ह्यात तुमच्या विमानांना कायमचं ग्राउंड, स्टेजवरून मीच जाहीर करतो.

गौतमनं इस्त्रीचा शर्ट घातला. साहेब पहिल्या रांगेत, मागं हजारभर माणूस. आम्ही त्यांच्याकडं पाठ करून उभे. विमान चढलं, पहिली कोलांटी मारली, टाळ्या पडल्या.

चौथ्या मिनिटाला बांधावर टँकर आले. सभेसाठीच मागवलेले. माणसं उठून पळाली. फोटोग्राफर पळाला. मग साहेबही गेले आणि टँकरचा पाइप हातात धरून उभे राहिले. त्यांना परत आणायला बालाजी धावला. मागं नुसत्या खुर्च्या.

"साहेब बघून राहिले का?" गौतमनं विचारलं.

"हाव."

"उलटं घेऊ?"

"घे."

त्यानं विमान पाठीवर घेतलं आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून अख्खं तळं पार केलं. मग सरळ उभं केलं, नाक वर, आणि एका जागी टांगून धरलं. असलं उडवणं मी परत बघितलं नाही.

"टाळ्या न्हाईत," तो म्हणाला.

"श्वास रोखून बघून राहिलेत," मी म्हणालो.

त्यानं विमान उतरवलं. प्रोपेलर थांबला. आता वळायला हरकत नव्हती, पण तो वळला नाही. बांधावरून घागरींचा आवाज चांगला ऐकू येत होता.

"अजून बघून राहिले का?"

"हाव."

मागं न बघता त्यानं हात मागं केला.

"मंग दुसरी बॅटरी दे."