वन्संचं वावडं

शिंक येण्याआधी ताई तर्जनी वर करायच्या. समोरचा थांबे. मग एकामागून एक शिंका, डोळे पुसणे, आणि "हं, तर मी काय म्हणत होते" असे म्हणत वाक्य तुटले होते तिथूनच पुढे. ऑफिसात साहेबसुद्धा त्या बोटाला मान देत.

आम्ही एकाच कचेरीत होतो आणि बडोद्यात मांजलपूरच्या एकाच सोसायटीत राहायचो. मी तळमजल्यावर, ताई तिसऱ्या मजल्यावर भावाच्या घरी. माझ्या स्कूटरवरून दोघी जायचो-यायचो. त्यांनी लग्न केले नव्हते. वडील अकाली गेले आणि धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले. अशा बहिणीला पुढे त्या घरात किती जागा उरते, ते तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असेल.

घरोघरी केबल टीव्ही आणि नवे सोफे येत होते, त्या काळात बडोद्यात पांढऱ्या पॉमेरेनियन कुत्र्यांचीही टूम निघाली. ताईंच्या भाच्याने एक पिल्लू आणले. त्याचे नाव चिकू. काही दिवसांतच ताईंची छाती वाजू लागली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, कुत्र्याच्या कातडीचा कोंडा आणि लाळ यांची अॅलर्जी आहे. शक्यतो कुत्रा घरात नको. ठेवायचाच असेल तर निजायच्या खोलीत येऊ देऊ नका, पडदे-चादरी गरम पाण्यात धुवा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. ताईंनी हे सगळे घरी सांगितले. वहिनी हसल्या. "वन्संना सगळ्याचंच वावडं असतं. होईल सवय."

सवय म्हणजे काय, तर ताईंचे अंथरूण गॅलरीत गेले आणि चिकू सोफ्यावर. पडदे ताई धुवायच्या, फरशी ताई पुसायच्या. भाच्याची हौस वर्षभरात फिटल्यावर कुत्र्याला अंघोळही ताईच घालू लागल्या, नाकाला ओढणी बांधून. मला संताप यायचा. "द्या ना कुणाला तरी तो कुत्रा," मी म्हणायची.

"माझं कोण ऐकतंय," ताई म्हणायच्या आणि दम्याचा पंप ओढायच्या. कुत्र्याला त्या कधी कुरवाळत नसत. पण संध्याकाळी आमची स्कूटर फाटकात शिरली की तिसऱ्या मजल्यावरून भुंकणे सुरू व्हायचे. त्या घरात त्यांची वाट पाहणारे तेवढेच कुणीतरी होते.

अशी वर्षे गेली. भाच्याचे लग्न झाले. सून निजामपुऱ्याची, गरीब स्वभावाची मुलगी. आल्या आल्या तिला शिंका सुरू झाल्या, अंगावर गांधी उठल्या. त्या संध्याकाळी मी ताईंबरोबर वर गेले होते. भुंकणे ऐकू आले नाही.

"चिकू कुठाय?" ताईंनी विचारले.

"मकरपुऱ्याला पाठवला," भाऊ म्हणाला. "ओळखीच्यांचं गोदाम आहे, राखणीला राहील. सूनबाईला त्रास होतो ना. डॉक्टर म्हणाले, घरात जनावर नको."

"मलाही डॉक्टर हेच म्हणाले होते."

"तुम्हाला सवय झालीय, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

ताई हळू आवाजात बोलल्या. "सवय नाही झाली. रोज रात्री मी बसून झोपते. तुमच्यापैकी एकाने कधी विचारलं?"

सून बिचारी मान खाली घालून उभी. ताई माझ्याकडे वळल्या. "स्कूटर काढ."

गोदामाच्या दारात चिकूला सुतळीने बांधले होते. ताईंनी सुतळी सोडली, त्याला मांडीवर घेतले आणि रस्ताभर माझ्या पाठीवर शिंकत राहिल्या. त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्याच नाहीत. थोडे दिवस माझ्याकडे राहिल्या, मग जुन्या शहरातल्या घडियाळी पोळात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. कुत्रा भुंकेल का, म्हणून घरमालकांनी विचारले, "बेन, कूतरो भसशे?"

"भसशे," ताई म्हणाल्या. "हुं पण भसुं छुं." म्हणजे, मीही भुंकते.

भाऊ समजूत घालायला आला. "कुत्र्यापायी घर सोडलंस, लोक काय म्हणतील?"

"कुत्र्यापायी नाही," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

तिथे त्यांचा कायदा चालायचा. चिकू बाहेरच्या खोलीत, त्या आतल्या खोलीत, मधले दार बंद. पडदे नाहीत, गालिचा नाही. त्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, आणि मलाही धुवायला लावायचे. शिंका थांबल्या नाहीत, पण पंप कमी झाला. बरीच वर्षे गॅलरीत काढलेली ती बाई आता आडवी होऊन झोपू लागली.

सून एकदा एकटीच आली, माफी मागायला. ताई खिडकीतून म्हणाल्या, "वर येऊ नकोस, तुला त्रास होईल." मग डोक्यावरून पाणी घेतले, धुतलेली साडी नेसल्या आणि चहा घेऊन खाली ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसल्या. पुढे ती दर महिन्याला येऊ लागली आणि ताई दर वेळी तशाच अंघोळ करून खाली उतरायच्या.

आता ताई नाहीत. चिकू त्यांच्या आधीच गेला. तो गेल्यावर त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि विचारले की माझ्यावरच खेकसायच्या. कोंडा महिनोन्महिने राहतो म्हणून त्यांनी सगळा पावसाळा जाऊ दिला. भिंतींना चुना लावला, गाद्या नव्या भरून घेतल्या. मग सुनेला निरोप धाडला, आता वर ये.

त्या दिवशी मी तिथेच होते. सुनेला सोडायला भाऊ स्वतः आला होता, हातात मिठाईचा पुडा. दोघे जिन्याकडे वळले तशा ताई खिडकीत आल्या.

"तिला वर पाठव," त्या भावाला म्हणाल्या. "तू खाली बस."

सून वर आली. पलंगावर तासभर बसली, चहा प्याली, एकदाही शिंकली नाही. ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. भाऊ खाली ओट्यावर पुडा मांडीवर घेऊन बसला होता.