मागचे इंजिन

२३ नोव्हेंबर २००९ रोजी चष्मेवाल्याने चार हजार सहाशे पन्नास रुपये मोजून एक वापरलेला कॅमेरा घेतला. बरोबर लांबची लेन्स, पट्टा आणि एक फाटके कव्हर मिळाले. बायकोने किंमत ऐकली, कव्हर उलटसुलट करून पाहिले आणि आपल्या लग्नाचा फोटोग्राफर याच्या निम्म्यात आला होता, वर जेवूनही गेला होता, एवढे ऐकवून ती स्वयंपाकघरात गेली. चष्मेवाला नाकासमोर चालणारा माणूस. दुकान, घर आणि पुन्हा दुकान, यापलीकडे त्याने आजवर काही मागितले नव्हते. त्यामुळे बायकोही फार ताणून धरणार नव्हती.

दुकान अरुंद आणि लांबट होते. पुढे काचेचे काउंटर, मधे गिऱ्हाइकाची खुर्ची आणि शेवटी काचा घासायचे चाक, त्यावर पाण्याची बारीक धार. अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उलटा लावलेला आणि समोर आरसा, कारण तक्ता वाचायला हवे तेवढे अंतर खोलीत नव्हते. दुपारी पाऊण वाजता तो शटर अर्धे खाली ओढायचा, त्यावर ‘येतोच’ ही पाटी अडकवायचा, डबा आणि कॅमेरा घेऊन नदीवरच्या पादचारी पुलाकडे निघायचा.

या पुलाला लागूनच, तीस-पस्तीस पावलांवर रेल्वेचा लोखंडी पूल होता. पलीकडच्या काठावरून कोळशाची मालगाडी यायची, पूल ओलांडायची आणि गावामागचा चढ चढून जायची. मालगाडीला प्रवासी गाडीसारखी ठरलेली वेळ नसते. पण कोळशाची ही गाडी बहुतेक एक ते दीडच्या दरम्यान जायची. चष्मेवाला तिसऱ्या खांबापाशी उभा राहायचा. इंजिनाचे तोंड दुसऱ्या कमानीखालून बाहेर आले की तीन फोटो घ्यायचे, लेन्सवर झाकण लावायचे, वळायचे आणि झपाझप गावाच्या दिशेने चालायला लागायचे. गाडी त्याच्या शेजारून त्याच दिशेने जात राहायची, पण तो मान वळवायचा नाही. दुकान उघडायचे असायचे.

पुलावर गळ टाकून बसणारा एक निवृत्त पोस्टमन होता. सगळे त्याला गळवाला म्हणत. त्याने पहिल्याच आठवड्यात विचारून घेतले की सुंदर नदी सोडून या काळ्या डब्यांचे फोटो काढायचे म्हणजे नक्की कुठला आजार. चष्मेवाल्याने सांगितले की छंद आहे. गळवाल्याने मान डोलावली. त्याला नऊ महिन्यांत तीन मासे लागले होते, त्यामुळे छंद ही काय चीज आहे हे त्याला कळत होते.

खरे कारण छंद नव्हते. त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांत चष्मेवाल्याचा थोरला भाऊ होता.

कॅमेरा घ्यायच्या दीड वर्ष आधी त्यांची आई गेली तेव्हा दादा मालगाडीवर होता. निरोप पोहोचला, पण गाडी एका लाल सिग्नलला अडकून पडली. घरी जमलेली वडीलधारी माणसे घाई करत होती. उन्हाचे दिवस आहेत, किती वेळ ठेवायचे, असे एकाने म्हटले आणि मग सगळेच म्हणू लागले. चष्मेवाला मूग गिळून बसला. आईला नेल्यावर दोन तासांनी दादा घामाघूम होऊन दारात आला. ओसरीत चपलांची रांग होती, खाट रिकामी होती. ‘दोन तास थांबला नाहीस,’ एवढेच तो म्हणाला आणि परत फिरला. तेव्हापासून अबोला. एकाच गावात दोन टोकांना दोन घरे. दोघी जावा बाजारात भेटल्या तर भाजीच्या भावावर बोलायच्या आणि वेगळ्या वाटांनी जायच्या.

तर चष्मेवाला पुलावर जायचा तो दादाला पाहायला. समोर जायची हिंमत नव्हती. इंजिनाच्या खिडकीतला माणूस मात्र लांबच्या लेन्सने जवळ आणता येत होता. दर महिन्याला तो निवडक फोटोंच्या प्रती काढून आणायचा, भिंगाखाली धरायचा आणि मागे तारीख, वेळ, इंजिनाचा क्रमांक लिहून अल्बममध्ये लावायचा. पहिल्या सात वर्षांत एकतीस फोटोंत दादा होता. कधी नुसते कोपर, कधी टोपी, दोनदा पूर्ण चेहरा. एका फोटोत तो केळे खात होता. तो फोटो बायकोलाही आवडला.

नंतर तीन वर्षे एकाही फोटोत दादा नव्हता. ड्रायव्हर बदलत होते, तरणे चेहरे येत होते. बदली झाली म्हणावे तर तसे कानावर आले नव्हते. शेवटी चष्मेवाल्याने स्वतःच हिशोब लावला की दादाने आपल्याला पुलावर ओळखले असणार आणि आपण दिसलो की तो खिडकीतून आत सरकत असणार. बायको म्हणाली, मग कशाला जाता उन्हातान्हाचे. तो म्हणाला, सवय झाली आहे.

असे दहावे वर्ष चालू असताना एका महिन्याच्या अठरा तारखेला, दुपारी चारला, वहिनी दुकानात आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून काउंटरवर ठेवला. एक काडी बिजागरीतून निखळली होती.

“भाऊजी, यांच्या चष्म्याची एवढी काडी बसवून द्या. नेहमीच्या दुकानात गर्दी असते.”

नेहमीचे दुकान गावात कुठे होते आणि तिथे किती गर्दी असते, हे चष्मेवाल्याला चांगले ठाऊक होते. त्याने काडी बसवली, स्क्रू आवळला आणि हाताला वळण पडलेले असल्यामुळे चष्मा सहज नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. उजवा उणे दीड. डावा उणे सव्वाचार. त्याने यंत्र पुसले आणि पुन्हा पाहिले. तेवढेच.

रेल्वेचे लोक डोळेतपासणीच्या आधी त्याच्याकडे यायचे, म्हणून त्यांच्या विभागातली पद्धत त्याला पाठ होती. डावा डोळा इतका उतरला की माणसाला पुढच्या इंजिनावर बसू देत नाहीत. सिग्नल त्यालाच बघायचे असतात ना.

“वहिनी, दादा पुढच्या इंजिनावर नाही?”

“तीन वर्षं झाली. मागच्या इंजिनावर घातलंय. चढासाठी मागून ढकलायला लावतात ना, ते. पुढच्याने हॉर्न दिला की ढकलायचं, एवढंच काम. म्हणतात, आता मी गाडीचा हमाल.”

चष्मेवाल्याला मागे इंजिन असते हे माहीत होते. रोज चालताना त्याची घरघर पाठीशी ऐकू यायची. पण दादा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तो पुढेच असणार, हे त्याने इतके गृहीत धरले होते की मागे वळून बघायचे त्याच्या मनातच आले नव्हते.

वहिनीने रुमालाची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली. मग म्हणाली, “रोज जेवायला बसले की सांगतात. आजही उभा होता. माझं इंजिन येताना दिसलं की पाठ फिरवतो आणि चालू लागतो. एक दिवस चुकत नाही म्हणतात.”

चाकावरच्या नळातून पाणी ठिबकत होते. चष्मेवाल्याने उठून नळ घट्ट केला. आपण इंजिनाचा फोटो झाला की निघतो, मागे कोण आहे हे माहीतच नव्हते, हे त्याने दोन-तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितले. वहिनीने ते सगळे ऐकले. तिला ते पटलेही. पण ती म्हणाली की हे तिने घरी जाऊन सांगितले तर दिराची वकिली करते असे ऐकावे लागेल. आणि वेळही फारसा उरलेला नाही. एकतीस तारखेला ते रिटायर होणार, चार तारखेला दोघे लेकीच्या गावी कायमचे राहायला जाणार, सामान अर्धे बांधून झाले आहे.

चष्मेवाल्याला अजून एक गोष्ट दिसली होती, आणि ती त्याला गप्प बसू देईना. चष्म्याच्या काचांचे मध्यबिंदू एकमेकांपासून एकाहत्तर मिलिमीटरवर होते. दोघे भाऊ तोंडवळ्याने एका साच्यातले. त्याचे स्वतःचे दोन बुबुळांमधले माप चौसष्ट होते. दादाचे एकाहत्तर असणे शक्यच नव्हते.

“दादाचं डोकं दुखतं का?”

“तीन वर्षं. गोळ्या घेतात. आम्हाला वाटलं, उतरवलं म्हणून मनाला लावून घेतलंय.”

“चष्मा चुकीचा आहे. नवा करून देतो. पण माप लागेल, आणि ते समोर बसल्याशिवाय घेता येत नाही. त्याला यावं लागेल.”

वहिनी उठली. “ते असे यायचे नाहीत. आधी तुम्ही थांबून दाखवा.”

त्या रात्री बायकोने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “गावाचे डोळे तपासता. आता जरा मान वळवायला शिका.” मग तिने डबा पावणेएकऐवजी साडेबाराला भरून द्यायचे कबूल केले.

एकोणीस तारखेला चष्मेवाल्याने ‘येतोच’ ही पाटी लावली नाही. शटर पूर्ण खाली ओढले. पुढचे इंजिन गेले, त्याने कॅमेरा वर केलाच नाही. मग डबे मोजू लागला. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. गाडी संपली आणि मागे रिकामे रूळ उरले. त्या दिवशी कोळसा कमी होता, मागून ढकलायला इंजिन लावलेले नव्हते. वीस तारखेला इंजिन होते, पण खिडकीत भलताच माणूस. त्याने चष्मेवाल्याकडे बघून हात हलवला, तेव्हा यालाही हलवावा लागला. गळवाल्याने विचारले, काय आज शेपटाला लागलात. चष्मेवाला म्हणाला, डोके बघून झाले.

एकवीसला गाडी आली तेव्हा ऊन लख्ख होते. अठ्ठावन्न डब्यांनंतर मागचे इंजिन कमानीखालून बाहेर आले आणि खिडकीत दादा होता. केस पार पांढरे झालेले. दुरुस्त केलेला चष्मा डोळ्यांवर. दादाने पाहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघे एकमेकांना समोरून बघत होते. दादाने हात हलवला नाही. मान सरळ केली आणि पुढे बघू लागला. इंजिन शेजारून गेले तरी चष्मेवाला जागचा हलला नाही. गाडी चढावर दिसेनाशी होईपर्यंत तोंड तिच्याकडे करून उभा राहिला. फोटो काढायचा राहिलाच.

बावीस, तेवीस, पंचवीस, सव्वीस. चार दिवस तसेच. चोवीसला दादाची सुट्टी असावी. पंचवीसला दादाने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावून पाहिले. सव्वीसला तो जाता जाता मान मागे वळवून बघत राहिला. दुकानात दोन गिऱ्हाइके शटर बंद बघून परत गेली होती आणि एक चांगलेच चिडले होते. बायकोने त्या गिऱ्हाइकाला घरून पाणी नेऊन दिले आणि बसवून ठेवले.

एकोणतीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता दादा दुकानात आला. ड्यूटीचा निळा शर्ट, कोपरापाशी काळे डाग. आत येऊन त्याने आधी चाकाकडे पाहिले, मग उलट्या तक्त्याकडे, मग आरशाकडे.

“तुझी वहिनी म्हणते माप घ्यायचंय.”

“हो. बस.”

दादा खुर्चीत बसला. माप घ्यायची रीत अशी की गिऱ्हाइकाच्या समोर हातभर अंतरावर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसायचे, पट्टी त्याच्या नाकावर आडवी टेकवायची आणि त्याला आपल्या डोळ्यात बघायला सांगायचे. चष्मेवाल्याने आजवर हजारो माणसांना हे सांगितले होते.

“माझ्या डाव्या डोळ्याकडे बघ.”

दादाने पाहिले. पट्टी हलू नये म्हणून चष्मेवाल्याने करंगळी त्याच्या कपाळाला टेकवली.

“दोन तास रे,” दादा म्हणाला.

“हो. लोक घाई करत होते. मी नको म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो.”

“मी सिग्नलला बसून मिनिटं मोजत होतो. वाटत होतं, तू आहेस ना तिथे.”

“हो.”

“आणि मग ही तीन वर्षं पाठ.”

“ती खरंच माहीत नव्हती, दादा. मी तुला पुढे शोधत होतो. आता उजव्या डोळ्याकडे बघ. बोलू नकोस, माप हलतं.”

पट्टीवर आकडा चौसष्ट आला. चष्मेवाल्याने खात्रीसाठी परत घेतले. मग तिसऱ्यांदाही घेतले, ज्याची काही गरज नव्हती. दादाने एकदाही मान मागे घेतली नाही.

मग त्याने अल्बम काढला. दादाने तो भिंग घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. केळे खातानाच्या फोटोवर थांबून म्हणाला की हा साहेबांच्या हाती लागला असता तर नोकरी तेव्हाच गेली असती. आईचा विषय पुन्हा निघाला नाही. तो मिटला असेही नाही. पण आता त्याच्याभोवती फिरून बोलता येत होते.

चष्मा तीन तारखेला तयार झाला. दादाने तो लावून आरशातला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि पावती मागितली. चष्मेवाला पैसे घेईना.

“फुकट दिलास तर उद्या डोकं दुखल्यावर तुला बोलायची सोय राहणार नाही,” दादा म्हणाला. “पावती कर.”

पावती अकराशे पासष्ट रुपयांची झाली. दादाने खिसे चाचपून अकराशे पन्नास दिले आणि उरलेले वहिनीकडून घेऊन देतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघे लेकीकडे गेले. सामानाच्या गडबडीत ते पैसे द्यायचे राहून गेले.

पंधरा रुपये येणे बाकी आहे.