काशाच्या सुरयांची जोडी

धातूवर आमच्या थोरल्या मामांइतकी माया करणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नसेल. कळंबोलीच्या भंगाराच्या वखारीत तांबं-पितळ वेगळं करण्यात त्यांची तीस वर्षं गेली, पण सुट्टीच्या दिवशीही त्यांचं बोट स्वस्थ बसत नाही. करंजाड्याला माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यात नवऱ्याकडून आलेली समई त्यांनी नखानं वाजवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जस्त लई हाय हिच्यात. पोरगा मात्र बरा वाटतोय." मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, पण धातूच्या बाबतीत मामांपुढे मी अजून बालवाडीतच आहे.

मध्यंतरी एका पाडलेल्या बंगल्याच्या भंगारात त्यांना काशाच्या दोन उंच सुरया सापडल्या. अंग काळपट हिरवं, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली द्राक्षाची पानं. बुडावरचा शिक्का फ्रेंच आहे हे मी मोबाइलवर शोधून सांगितलं, तेव्हा मामांनी स्वतः मला चहा करून दिला. वखारीच्या मालकाच्या हातापाया पडून त्यांनी ती जोडी भट्टीतून वाचवली आणि एका संग्रहालयातल्या बाईंना रविवारी बघायला बोलावलं. दोन्ही सुरया एकत्र तिथल्या काचेच्या कपाटात जाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. त्या काळ्या रंगाबद्दल ते मला तासभर सांगत होते. मला नीट कळलं नाही, पण विचारायचा संकोच वाटला, म्हणून मी नुसती मान डोलावत राहिले.

रविवारी मामा बाईंना आणायला स्टेशनवर गेले. "पाव्हण्यांपुढं असली काळी भांडी ठिवायची व्हय?" मामी म्हणाली. मी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन बसले आणि देवाची भांडी घासावीत तशी एक सुरई अगदी मनापासून घासली. ती पिवळीधमक झाली. सोन्याची पानंही त्या पिवळ्यात हरवली. दुसरी हातात घेणार, एवढ्यात मामा दारात आले आणि तिथंच उंबऱ्यावर बसले.

"पोरी, मळ नव्हता गं तो. कारागिरानं आगीवर धरून चढवलेला रंग होता."

मागून आलेल्या बाईंनी विचारलं, "ही कुणी घासली?"

मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "मीच, बाई. चकाकी बघायची खोड हाय मला."

बाई त्यांच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघत राहिल्या. मामांनी मान खाली घातली.

काळी तेवढी संग्रहालयात गेली. घासलेली मामांच्या कपाटावर आहे. मी रडले तेव्हा म्हणाले, "हवेनं काळवंडंल परत. शंभरेक वर्षं लागतील. तवर तुझं कॉलेज हुईल."

त्यांच्याकडे गेले की मी ती खिडकीशी नेऊन बघते. अजून पिवळीच आहे.